दारापासून धमनीपर्यंत

कॅज्युअल्टीत काम करणाऱ्या माणसाला ‘उपचाराला उशीर झाला’ हे शब्द ऐकले की आधी राग येतो. तिथे कुणी हातावर हात ठेवून बसलेलं नसतं. सिस्टर एका पेशंटला सलाईन लावून दुसऱ्याकडे निघालेली असते, आरएमओचा फोन थांबत नसतो, वॉर्डबॉय ट्रॉली घेऊन एक्स-रेच्या दिशेनं पळत असतो, मावशी नातेवाइकांच्या गर्दीतून वाट काढत असतात. एवढ्या धावपळीत उशीर शिरतो कुठून? या कामात वर्षं घालवल्यावर माझं मत असं बनलं आहे की उशीर धावपळीत शोधायचाच नाही. तो दोन कामांच्या मधल्या जागेत दडलेला असतो. ईसीजी निघालेला असतो, पण तो बघणारं कुणी यायचं असतं. बघून होतो, पण वरच्या डॉक्टरांना कळवायचं राहिलेलं असतं. कळवूनही होतं, पण त्यांचा होकार यायचा असतो. सरकारी कचेरीत फाईल जशी टेबलावरून टेबलावर जाते आणि कुठल्याच टेबलावर कुणाची चूक सापडत नाही, तसा हार्ट अटॅकचा पेशंट एका परवानगीकडून दुसऱ्या परवानगीकडे सरकत राहतो. त्यामुळे हा वेळ वाचवायचा तर माणसांना आणखी जोरात पळायला सांगून काही हाती लागत नाही. ‘हो’ कुणी म्हणायचं, हे बदलावं लागतं.

इथे बोलणं चाललं आहे ते एका विशिष्ट हार्ट अटॅकबद्दल. हृदयाच्या स्नायूला रक्त देणारी एखादी धमनी गुठळीनं पूर्ण बंद होते आणि ईसीजीवरची एसटी ही रेषा वर उचलली जाते. डॉक्टरी भाषेत याला ‘स्टेमी’ म्हणतात. इतर प्रकारच्या अटॅकमध्ये काही तास औषधांवर थांबता येतं, यात येत नाही. रायमर, जेनिंग्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1977 मध्ये कुत्र्यांवरच्या प्रयोगांतून दाखवलं की धमनी बंद झाल्यावर सगळा स्नायू एकदम मरत नाही. नाश आतल्या थरात सुरू होतो आणि तासागणिक बाहेरच्या थराकडे पसरत जातो. धमनी लवकर उघडली तर बाहेरचे थर वाचतात. माणसांमध्ये याचा हिशेब कसा लागतो, ते एरिक बोअर्स्मा आणि सहकाऱ्यांनी 1996 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मांडलं. गुठळी विरघळवणारं औषध दुखणं सुरू झाल्यापासून पहिल्या तासात मिळालं तर दर 1000 रुग्णांमागे सुमारे 65 जीव वाचतात, दुसऱ्या तासात तोच आकडा 37 वर येतो आणि तिसऱ्यात 26 वर. म्हणजे उतार सरळ नाही. सुरुवातीलाच कडा तुटल्यासारखा आहे. अशा अभ्यासांवरून मर्यादा ठरत गेल्या. रुग्ण दारातून आत आल्यापासून 10 मिनिटांत ईसीजी, गुठळी विरघळवणारं इंजेक्शन द्यायचं तर ते 30 मिनिटांत आणि अँजिओप्लास्टी करायची तर 90 मिनिटांत धमनी उघडलेली. युरोपातल्या मार्गदर्शक सूचना तर आणखी कडक आहेत. अँजिओप्लास्टीची सोय असलेल्या रुग्णालयात निदानानंतर तासाभरात तार गुठळीच्या पार गेली पाहिजे, असं त्या म्हणतात.

आता या 90 मिनिटांचं जरा पोस्टमॉर्टेम करू. ईसीजी काढायला पाच मिनिटं पुष्कळ झाली. सवयीच्या हातांना मनगटातून नळी घालून बंद धमनी उघडायलाही फार वेळ लागत नाही; टेबलावर पेशंट आल्यावर अर्ध्या तासात काम झालेलं असतं. मग उरलेला जवळजवळ तासभर जातो कुठे? नातेवाईक केस पेपर काढायच्या रांगेत उभे असतात, आणि केस पेपर नसेल तर ईसीजीच्या वहीत नोंद कशी करायची म्हणून टेक्निशियन थांबतो. ईसीजी निघाला की इंटर्न तो आरएमओला दाखवतो. आरएमओला शंका नसते, तरी फिजिशियनला विचारल्याशिवाय पुढे जायची पद्धत नसते. फिजिशियन राऊंडवर असतात. ते ईसीजीचा फोटो काढून कार्डिऑलॉजिस्टना पाठवतात. ते गाडी चालवत असतात, किंवा दुसऱ्या रुग्णालयाच्या कॅथ लॅबमध्ये, म्हणजे अँजिओप्लास्टीच्या खोलीत, हातमोजे घालून उभे असतात. फोटो पाहिल्यावर ‘पुन्हा एक ईसीजी काढा’ असा निरोप येतो, कधी ‘ट्रोपोनिन पाठवा’ असाही. स्टेमीत त्या रक्ततपासणीची वाट पाहण्यात काही अर्थ नसतो, कारण ती पॉझिटिव्ह यायला काही तास लागू शकतात आणि तेवढ्या तासांचीच तर किंमत असते. होकार आल्यावर कॅथ लॅबच्या टेक्निशियनला, नर्सला, भूलतज्ज्ञाला वेगवेगळे फोन. मग डिपॉझिट, मग सही, मग लिफ्ट. लिफ्टची गोष्ट कुणाला क्षुल्लक वाटेल. रात्री लिफ्टमन नसलेल्या इमारतीत ती क्षुल्लक नसते.

या यादीत कुणी आळशी सापडणार नाही. सगळेच नियमानं वागले आहेत, आणि नियम एवढाच की आधीच्यानं मान हलवल्याखेरीज पुढच्यानं हलायचं नाही. हे केवळ माझं निरीक्षण असतं तर त्यावर लेख लिहायचं धाडस झालं नसतं. येल विद्यापीठातल्या एलिझाबेथ ब्रॅडली, हार्लन क्रुमहोल्ट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या 365 रुग्णालयांची पाहणी करून 2006 मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एक निबंध लिहिला. रुग्णालयं वापरत असलेल्या 28 वेगवेगळ्या युक्त्यांपैकी वेळ खरोखर कोणत्या वाचवतात, हा त्यांचा प्रश्न होता. कसोटीला सहा उतरल्या. कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरनं हृदयरोगतज्ज्ञाला न विचारता स्वतःच कॅथ लॅब सुरू करायला सांगणं, यात सरासरी 8.2 मिनिटं वाचत होती. एका फोनवर सगळी टीम गोळा होणं, 13.8 मिनिटं. पेशंट अजून अँब्युलन्समध्ये असतानाच तिथल्या ईसीजीवरून टीमला बोलावणं, 15.4 मिनिटं. बोलावणं गेल्यापासून 20 मिनिटांत टीमनं हजर व्हायचं असा दंडक, 19.3 मिनिटं. हृदयरोगतज्ज्ञ चोवीस तास रुग्णालयातच असणं, 14.6 मिनिटं. आणि प्रत्येक केसला किती वेळ लागला हे सर्वांना ताबडतोब कळवणं, 8.6 मिनिटं.

या सहांत एकही यंत्र नाही. खर्च म्हणावा असा एकच उपाय आहे, तज्ज्ञ रात्रंदिवस हजर ठेवण्याचा. बाकी पाच मुख्यतः कामाच्या शिस्तीचे आणि अधिकाराचे आहेत, आणि तरीही त्या काळात थोडीच रुग्णालयं ते वापरत होती. पुढे अमेरिकन कॉलेज ऑफ कार्डिऑलॉजीनं 2006 च्या अखेरीस देशभर मोहीम काढली. 2005 मध्ये दारापासून बलूनपर्यंतचा, म्हणजे धमनी उघडेपर्यंतचा, मध्यांक 96 मिनिटं होता, तो 2010 मध्ये 64 वर आला; 90 मिनिटांच्या आत उपचार मिळणाऱ्यांचं प्रमाण 44 टक्क्यांवरून 91 टक्क्यांवर गेलं. पाच वर्षांत त्या देशातल्या डॉक्टरांचे हात एवढे वेगवान झाले असतील, असं कुणी म्हणणार नाही. मधल्या परवानग्या गळल्या, हेच त्याचं सरळ स्पष्टीकरण आहे.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो बहुधा आमच्याच ज्येष्ठ सहकाऱ्यांकडून येतो. कॅज्युअल्टीतल्या कनिष्ठ डॉक्टरच्या शब्दावर मध्यरात्री चार-पाच माणसांना अंथरुणातून उठवायचं आणि अँजिओग्राफीत धमन्या स्वच्छ निघाल्या तर? आक्षेप पोकळ नाही. मिनियापोलिसमधल्या एका मोठ्या नोंदवहीचा अभ्यास लार्सन आणि सहकाऱ्यांनी 2007 मध्ये ‘जामा’मध्ये छापला. स्टेमी समजून कॅथ लॅबमध्ये नेऊन अँजिओग्राफी केलेल्या 1,335 रुग्णांपैकी 14 टक्क्यांमध्ये अटॅकला कारण ठरलेली धमनी सापडलीच नाही. पण ही चूक आपण कशाशी ताडून बघतो? हृदयावरच्या आवरणाला सूज आली की ईसीजी स्टेमीसारखा दिसू शकतो, जुन्या अटॅकनंतर फुगलेल्या स्नायूतही रेषा वर राहते. असे काही ईसीजी तज्ज्ञालाही चकवतात. म्हणजे तज्ज्ञाला विचारल्यानं हे 14 टक्के शून्य होणार नाहीत, फक्त बाकीचे 86 टक्के थांबतील. आणखी एक गोष्ट आहे, तिच्याबद्दल आम्ही फारसं बोलत नाही. खोटा गजर झाला की त्याला साक्षीदार असतात. झोपमोड झालेली टीम असते, दुसऱ्या दिवशी सकाळी ‘कुणी बोलावलं होतं?’ हा प्रश्न असतो. चाळीस मिनिटं वाट बघण्यात मेलेल्या स्नायूला मात्र साक्षीदार नसतो. तो पेशंट वाचतो, घरी जातो आणि दोन वर्षांनी जिना चढताना दम लागतो म्हणून दुसऱ्याच ओपीडीत येतो. एक चूक दिसते, दुसरी दिसत नाही, आणि कनिष्ठ डॉक्टर साहजिकच न दिसणारी चूक पत्करतो. त्याला धाडस शिकवून हे सुटणार नाही. प्रामाणिकपणे दिलेल्या खोट्या गजरासाठी कुणालाही बोलणी बसणार नाहीत, हे विभागप्रमुखानं लेखी द्यावं लागतं, आणि पहिल्या खोट्या गजराच्या सकाळी ते पाळावंही लागतं. आमच्याकडच्या ज्येष्ठ-कनिष्ठाच्या उतरंडीत ही दुसरी गोष्ट अवघड जाते.

अधिकार खाली यायचा तर तो डॉक्टरच्याही खाली, दारातल्या सिस्टरपर्यंत यावा लागतो. पहिला ईसीजी कुणाचा काढायचा, हे जर डॉक्टरनं तपासून ठरवायचं असेल, तर गर्दीच्या संध्याकाळी 10 मिनिटांची मर्यादा तिथेच मोडते. छाती धरून, घामानं निथळत आलेल्या पन्नाशीच्या पुरुषाचा ईसीजी कुणीही लगेच काढतो. अडतो तो बाकीच्यांचा. मधुमेह असलेल्याला कधी छातीत दुखतच नाही, नुसतं गळून गेल्यासारखं होतं. म्हातारी बाई ‘दम लागतोय’ एवढंच सांगते. बायकांचं दुखणं जबड्यात, पाठीत, पोटाच्या वरच्या भागात उमटतं आणि गॅस, ॲसिडिटी, टेन्शन यांपैकी एखादं नाव घेऊन बाकावर बसवलं जातं. पुष्कळदा ते नाव त्या स्वतःच घेऊन येतात, सोबत सोडा पिऊन झालेला असतो. म्हणून निर्णय माणसाच्या अंदाजावर न सोडता नियमात बांधायचा. तिशी ओलांडलेल्या कुणालाही बेंबीपासून जबड्यापर्यंत कुठेही नव्यानं दुखत असेल, किंवा कारणाविना दम, घाम, चक्कर असेल, तर सिस्टरनं कुणालाही न विचारता ईसीजी काढायचा आणि दहा मिनिटांच्या आत कुठल्याही डॉक्टरच्या डोळ्यांसमोर धरायचा, मग तो डॉक्टर दुसऱ्या पेशंटला टाके घालत असला तरी. केस पेपर नंतर. यात अनेक ईसीजी वाया जातील हे खरं. कागदाच्या पट्टीची किंमत पाहता ती चैन परवडण्यासारखी आहे. क्लीव्हलँड क्लिनिकनं उपचाराच्या पायऱ्यांचा एकसारखा नियम सर्व स्टेमी रुग्णांना लावल्यावर स्त्रिया आणि पुरुष यांच्या उपचारातला वेळेचा फरक जवळपास मिटला, असं 2018 मध्ये प्रसिद्ध झालं. तिथल्या डॉक्टरांच्या मनातले पूर्वग्रह काढायला कुणी गेलं नव्हतं. पूर्वग्रहाला डोकं वर काढायला मधे मोकळी जागाच राहिली नाही.

दुसरा आक्षेप आकड्यांचा आहे आणि तो जास्त टोचतो. 2013 मध्ये मेनीस आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या 96,738 रुग्णांची माहिती तपासली. चार वर्षांत दारापासून बलूनपर्यंतचा वेळ 83 मिनिटांवरून 67 वर आला होता, पण रुग्णालयातला मृत्युदर 4.8 टक्क्यांवरून फक्त 4.7 वर. एवढी धडपड कशासाठी, असा प्रश्न त्यावर उठला आणि उठायलाच हवा होता. दोन वर्षांनी नल्लमोथू आणि सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये त्याची गाठ सोडवली. एकेका रुग्णाकडे पाहिलं तर लवकर उपचार मिळालेल्याचा मृत्यूचा धोका कमीच असतो. पण त्याच काळात अँजिओप्लास्टी होणाऱ्या रुग्णांचा घोळकाच बदलत गेला होता, अधिक जोखमीचे लोक त्यात येऊ लागले होते, त्यामुळे सगळ्यांची सरासरी जागची हलली नाही. मला हे उत्तर पटतं, तरी त्यानं सगळं समाधान होत नाही. मेनीसच्या आकड्यांत दुसराही एक इशारा आहे. धमनी बंद झाल्यापासून उघडेपर्यंतचा सगळा काळ महत्त्वाचा असतो, आणि आपण त्यातला शेवटचा, आपल्या भिंतींच्या आतला तुकडाच घड्याळ लावून मोजत असतो. तो तुकडा वीस मिनिटांनी आखूड केला आणि त्याआधीचे पाच तास तसेच राहिले, तर मृत्युदरानं तरी का हलावं?

भारतात तर हा प्रश्न फारच मोठा होतो. 20,468 रुग्णांची नोंद असलेला ‘क्रिएट’ हा अभ्यास 2008 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात स्टेमीच्या रुग्णाला दुखणं सुरू झाल्यापासून रुग्णालयात पोचायला लागलेल्या वेळेचा मध्यांक 360 मिनिटं होता. सहा तास! पोचल्यावर गुठळीचं औषध सुरू व्हायला आणखी 50 मिनिटं. यावर आमच्यातले अनेक जण खांदे उडवून म्हणतात की पेशंटच सहा तास उशिरा येतो, तर आमच्या पन्नासातली वीस मिनिटं वाचवून काय होणार? जनजागृती करा. जनजागृती करावीच. पण हे सहा तास पेशंट घरी ओवा खात बसलेला असतो, हे गृहीत धरायला मी तयार नाही. त्यातले पुष्कळ तास त्यानं दवाखान्यांतच काढलेले असतात. आधी गल्लीतल्या डॉक्टरांकडे एक इंजेक्शन, मग तालुक्याच्या नर्सिंग होममध्ये ईसीजी, मग ग्रामीण रुग्णालय, तिथून जिल्ह्याला ‘रेफर’, जिल्ह्यात कॅथ लॅब नसेल तर पुढे नाशिक, पुणे, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर. आमच्या दारात तो पोचतो तेव्हा आमचं घड्याळ शून्यावर असतं. त्याच्यासाठी ते तिसरं किंवा चौथं दार असतं. शेवटच्या दारापासून मोजलेली 60 मिनिटं भिंतीवर मिरवणं ही सोयीस्कर लबाडी आहे. अँजिओप्लास्टीची सोय नसलेल्या रुग्णालयातून रुग्ण 30 मिनिटांत बाहेर पडावा असा अमेरिकेत संकेत आहे. तिथेसुद्धा 2011 च्या एका अभ्यासात हा वेळ 68 मिनिटं निघाला आणि 30 मिनिटांत बाहेर पडणारे जेमतेम 11 टक्के. त्या लवकर निघालेल्यांचा मृत्युदर 2.7 टक्के, बाकीच्यांचा 5.9.

आणि तालुक्याच्या त्या दारात अडतं ते परवानगीपाशीच. दोन तासांत कॅथ लॅब गाठता येणार नसेल, तर गुठळीचं औषध तिथल्या तिथे देऊन मग पुढे पाठवायचं, याबद्दल जगभर एकमत आहे. टेनेक्टेप्लेस हे औषध वजनानुसार एकाच झटक्यात शिरेतून देता येतं, त्याला सिरिंज पंप लागत नाही. ‘स्ट्रीम’ नावाच्या चाचणीनं 2013 मध्ये दाखवलं की तीन तासांच्या आत आलेल्या आणि तासाभरात अँजिओप्लास्टी होऊ न शकणाऱ्या रुग्णांना आधी हे औषध देऊन नंतर अँजिओग्राफी केली, तर निष्कर्ष थेट अँजिओप्लास्टीच्या तोडीस तोड येतात. मग वैद्यकीय अधिकारी ते देत का नाही? कारण शेकडा एखाद्या रुग्णाला मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. तो झाला तर रात्रीच्या वेळी एकट्या असलेल्या त्या डॉक्टरसमोर पन्नास नातेवाईक उभे राहतात, आणि ‘तुम्हाला कुणी द्यायला सांगितलं?’ या प्रश्नाला त्याच्याकडे उत्तर नसतं. रेफर केलेला पेशंट वाटेत गेला तर असा प्रश्न कुणी विचारत नाही. पुन्हा तेच, एक चूक दिसते आणि दुसरी दिसत नाही. तमिळनाडूत थॉमस अलेक्झांडर आणि अजित मुल्लासरी यांनी उभ्या केलेल्या योजनेचा गाभा मला इथे दिसतो. लहान रुग्णालयं मोठ्या रुग्णालयांना जोडली, ईसीजी दूरवरून वाचून देण्याची व्यवस्था केली, अँब्युलन्स आणि सरकारी विमा त्यात गुंफला. एक वर्षानंतरचा मृत्युदर योजनेआधी 17.6 टक्के होता, तो नंतर 14.2 झाला. हा आधी-नंतरचा अभ्यास आहे, चिठ्ठ्या टाकून केलेली चाचणी नाही, त्यामुळे सगळं श्रेय योजनेला देता येत नाही. तरी दिशा कळते. गोव्यात गोवा मेडिकल कॉलेजला केंद्रस्थानी ठेवून आणि महाराष्ट्रात सरकारी रुग्णालयांमधून अशाच धर्तीचे प्रकल्प आले. त्यात यंत्र दिसतं, ईसीजी मोबाईलवर येतो वगैरे कौतुक होतं. पण त्या यंत्रातून तालुक्याच्या डॉक्टरला खरं मिळतं ते पाठबळ. ‘हा स्टेमी आहे, औषध द्या’ असं कुणीतरी जबाबदारीनं, लेखी म्हटलेलं असतं.

उलट बाजूचा पुरावाही लपवून ठेवायला नको. केरळमध्ये 63 रुग्णालयांत 21,374 रुग्णांवर ‘एसीएस क्विक’ ही मोठी चाचणी झाली. तपासणी-यादी, ठरावीक ऑर्डरचे छापील कागद, कामगिरीचे अहवाल, प्रशिक्षण, असा संच रुग्णालयांना देण्यात आला. 2018 मध्ये निष्कर्ष आले तेव्हा तीस दिवसांतल्या मृत्यू आणि इतर गंभीर घटनांत, सगळे हिशेब लावल्यावर, ठोस फरक दिसला नाही. याचा अर्थ अशा सुधारणा निरुपयोगी, असा काढणारे आहेत. मी काढत नाही, पण हा माझा तर्क आहे, चाचणीचा निष्कर्ष नव्हे, हे कबूल. यादी कागदावर आली तरी सही कुणाची चालते हे तेच राहिलं, तर पेशंट तितकाच थांबतो. भिंतीवर ‘10 मिनिटांत ईसीजी’ असा तक्ता लावलेल्या आणि खाली केस पेपरची रांग तशीच असलेल्या कॅज्युअल्टी महाराष्ट्रात शोधायला फार हिंडावं लागत नाही.

राहिला प्रश्न पैशाचा आणि सहीचा. परदेशी निबंधांत तो फारसा सापडत नाही आणि आमच्याकडे सगळ्यात जास्त मिनिटं तोच खातो. डिपॉझिट भरल्याखेरीज कॅथ लॅबचं दार उघडायचं नाही, ही अनेक खासगी रुग्णालयांची रीत आहे, आणि तिच्यामागे बुडालेल्या बिलांचा इतिहासही आहे. पण पैसे भरून घेणं आणि धमनी उघडणं ही कामं एकापाठोपाठ एक कशाला हवीत? महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत तातडीच्या वेळी फोनवरून सूचना देऊन उपचार सुरू करण्याची सोय आहे. कागद मागाहून लागतात. ज्या रुग्णालयात या योजनेचं काम पाहणाऱ्या आरोग्यमित्राला रात्री उठवायची पद्धत नाही, तिथे ही सोय असून नसल्यासारखी. सहीचं तर आणखी विचित्र आहे. ट्रॉलीवरचा माणूस शुद्धीत असतो, सज्ञान असतो, त्याचं हृदय त्याचं असतं, आणि त्याला सोडून सगळ्यांना विचारलं जातं. मुलगा म्हणतो काकांना विचारतो, काका म्हणतात गावाहून मोठे दाजी निघालेत, त्यांना येऊ द्या. कायद्यानं संमती द्यायची ती रुग्णानं. आम्हीच नातेवाइकांच्या रागाच्या धाकानं त्याला गप्प पेशंट करून टाकतो.

घाईघाईनं घेतलेली सही ही खरी संमती कशी, असा सवाल यावर करता येतो, आणि त्यामागे एक जुना संशय असतो: डॉक्टर स्टेंट विकायला बसलेत. तो संशय निराधार आहे असं मी म्हणणार नाही. स्टेंटच्या किमतींना 2017 मध्ये सरकारला लगाम घालावा लागला, तो उगाच नव्हे. स्थिर छातीदुखीच्या रुग्णांत अँजिओप्लास्टीनं मृत्यू टळत नाहीत, हे 2007 च्या ‘करेज’ चाचणीनं दाखवून दिलं आणि 2020 च्या ‘इस्केमिया’ चाचणीनंही तेच सांगितलं. तरी तशा रुग्णांना ‘उद्याच करून घ्या’ असं घाबरवणारे आमच्यात आहेत. त्या भीतीचा धंदा करणाऱ्यांनी खऱ्या तातडीचा शब्द नासवला आहे. म्हणून स्टेमीत रुग्णासमोर आणि नातेवाइकांसमोर ईसीजी धरून, उचललेल्या रेषेवर बोट ठेवून, दोन मिनिटांत सांगावं लागतं की ही बंद नळी आहे, एक उपाय तार घालून उघडण्याचा, दुसरा इंजेक्शननं विरघळवण्याचा, तिसरा काही न करण्याचा. पहिल्याची तयारी आम्ही सुरू केली आहे, नको म्हणालात तर थांबवू. तयारी आणि संमती एकाच वेळी चालू शकतात. ‘नाही’ म्हणण्याचा हक्क अबाधित ठेवून वेळ वाचवता येतो, आणि दुसरा पर्याय मनापासून समोर ठेवला की संशय बराच निवळतो, असा माझा अनुभव आहे.

हे सगळं मोजल्याशिवाय टिकत नाही, आणि मोजण्यातही गोम आहे. कॅज्युअल्टीतलं भिंतीवरचं घड्याळ, ईसीजी यंत्रातलं घड्याळ आणि कॅथ लॅबचं घड्याळ यांचं एकमेकांशी पटत नाही. ईसीजी यंत्रातली वेळ तर ते बसवल्यापासून कुणी लावलेलीच नसते. मग ईसीजी पेशंट येण्याच्या चार मिनिटं आधीच निघाला, अशी नोंद होते आणि कुणाला खटकत नाही. घड्याळं जुळवणं हे दर सोमवारचं काम कुणाच्या तरी नावे लावावं लागतं. दुसरी गोम सरासरीची. दिवसाच्या दहा केस प्रत्येकी पन्नास मिनिटांत झाल्या की रात्रीची दीडशे मिनिटांची केस त्यांच्यात बुडून जाते, आणि रात्री वेळ जास्त लागतो हे सगळीकडेच खरं आहे. अमेरिकेत 2005 च्या एका अभ्यासात कामाच्या वेळेत 94.8 मिनिटं आणि त्याबाहेर 116.1 अशी तफावत होती. त्यामुळे महिन्याची बैठक घ्यायची ती सगळ्यात जास्त वेळ लागलेल्या केसवर, आणि बैठकीत कार्डिऑलॉजिस्टच्या शेजारी दारातली सिस्टर, केस पेपरचा कारकून, लिफ्टमन आणि 108 च्या गाडीवरचे डॉक्टर बसायला हवेत, कारण मिनिटं त्यांच्या हातात आहेत. ज्यानं पेशंट पाठवला त्या तालुक्याच्या वैद्यकीय अधिकाऱ्याला तर त्या पेशंटचं पुढे काय झालं हे सहसा कळतच नाही. त्यानं योग्य वेळी इंजेक्शन दिलं होतं का, ईसीजी त्यानं बरोबर वाचला होता का, चोवीस तासांनी गुठळी किती विरघळलेली दिसली, हे सांगणारा फोन कॅथ लॅबमधून दुसऱ्या दिवशी जायला हवा. आज तो कुणाच्याच कामाच्या यादीत नाही. तो आधी यादीत घालावा, आणि मग पुढच्या वेळी त्या अधिकाऱ्याला औषध द्यायला किती मिनिटं लागली, तेही त्याच बैठकीत बघावं.